उभ्या गाडीतलं पेट्रोल कमी होतंय? खरंच उडतंय का, हे कसं शोधायचं

मार्च सरत आला की आमच्या अकोल्यातल्या गॅरेजमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. "गाडी चार दिवस उन्हात उभी होती आणि काट्यावरची एक काडी गेली. पेट्रोल उडालं." काही जण टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून येतात, काही जण टाकी कायम अर्धीच ठेवायला लागतात. दर उन्हाळ्यात हेच. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. ज्याची तक्रार असेल त्याने वरून खाली जात तपासावं.

आधी उत्तर. झाकण, नळ्या आणि कॅनिस्टर (वाफ धरून ठेवणारी डबी) ठीक असलेल्या गाडीतून चार दिवसांत लिटरभर पेट्रोल वाफ होऊन जात नाही. काडी कमी झाली असेल तर एक तर काटा फसवतोय, किंवा पेट्रोल गळतंय, नकळत जळतंय, नाही तर कोणी काढतंय. वाफेचा बिघाड असलाच तर तो आधी नाकाला कळतो.

टाकीत नेमकं काय होतं

पेट्रोल म्हणजे अनेक हलक्या-जड द्रवांचं मिश्रण. त्यातला हलका भाग साध्या हवेतही वाफ व्हायला लागतो, ऊन लागलं की जास्त. पण आजच्या गाडीची टाकी उघडी नसते. वाफ एका नळीतून काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत जाते. तिच्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो, तिलाच आम्ही कॅनिस्टर म्हणतो. गाडी उभी असताना कोळसा ती वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू होऊन गरम झालं की कंप्युटर पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. म्हणजे वाफ झालेलं पेट्रोलही बहुतेक कामीच येतं.

एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू आहेत. त्यात पेट्रोल कार बंद खोलीत ठेवून तिच्यातून निघणारी सगळी वाफ मोजतात. मर्यादा आहे एका चाचणीला २ ग्रॅम. पेट्रोलची घनता पाहता हे ३ मिलिलिटरसुद्धा होत नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकणही भरणार नाही एवढं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि तापलेल्या डांबरावर टाकीला त्याहून जास्त झळ लागते, तेव्हा चाचणीपेक्षा जास्त वाफ होणार हे उघड आहे. गाडी बरेच दिवस हललीच नाही तर कोळसा भरून थोडी वाफ बाहेरही पडेल. तरी हिशोब मिलिलिटरमध्येच राहतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते. पेट्रोल तापलं की फुगतं, साधारण दर १० अंशांना एक टक्का. ३५ लिटरची टाकी भर दुपारी तापलेली असेल आणि पहाटे १५ अंशांनी निवली, तर पातळी अर्धा लिटर खाली गेल्यासारखी दिसेल, आणि एक थेंबही कुठे गेलेला नसेल. उन्हाळ्यातल्या बऱ्याच "उडालं" मागे एवढंच असतं.

पायरी पहिली: काट्यावर किती विश्वास ठेवायचा

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, त्याच्या दांडीवरून काटा चालतो. सोसायटीच्या रॅम्पवर नाक वर करून गाडी लावली की पेट्रोल मागे सरकतं आणि फ्लोट वेगळंच सांगतो. टाकीचा आकारही सरळ डब्यासारखा नसतो. त्यामुळे पहिली काडी पडायला शंभर किलोमीटर लागतात आणि पुढची चाळिसात पडते. आठ काड्या असतील तर प्रत्येक काडी म्हणजे टाकीचा बरोबर आठवा भाग, असं धरून चालू नका.

खात्री करायची असेल तर असं करा. सकाळी एका पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप कट होईल तिथपर्यंत भरा, पुढे एक थेंब नाही. किलोमीटर लिहून ठेवा. गाडी सपाट जागी, कुलूपबंद ठेवा आणि खाली इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत कोरे पुठ्ठे पसरा. चार-पाच दिवसांनी त्याच पंपावर, त्याच नोझलवर, सकाळच्याच वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. नोझल दरवेळी अगदी त्याच थेंबाला कट होत नाही, त्यामुळे थोडा फरक येणारच. पण पंपावर जाण्या-येण्याचा खर्च वजा करूनही दोन-तीन लिटर बसले तर पेट्रोल खरोखर जातंय. मग पुढे वाचा. नाहीच बसले तर निर्धास्त व्हा आणि चिकटपट्टी काढून टाका.

ही चिकटपट्टी मी एवढ्या आग्रहाने का काढायला लावतो ते सांगतो. पेट्रोल खर्च होतं तशी टाकीत बाहेरून हवा यायला लागते. कारमध्ये ती कॅनिस्टरच्या वाटेने येते, बऱ्याच मोटरसायकलींत झाकणातल्या बारीक भोकातून. ते भोक बुजवलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि गाडी चालता चालता आचके देऊन बंद पडते. झाकण उघडताच फुस्स करून हवा आत जाते, गाडी चालू होते, आणि मालक महिनाभर प्लग आणि कार्बोरेटर बदलत बसतो.

पायरी दुसरी: वास कुठे येतो

वास म्हणजे वाफ बाहेर पडते आहे किंवा पेट्रोल झिरपतंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते, तळघरातल्या पार्किंगमध्ये साचते. म्हणून वास शोधायचा तो मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना. बिडी, सिगारेट, लायटर लांब. उजेडाला साधी एलईडी बॅटरी पुरे. पुठ्ठ्यावर ओला डाग दिसला किंवा थेंब पडताना दिसला तर गाडी चालूच करू नका. ढकलून मोकळ्यावर आणा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, पण त्याला वास नसतो आणि वाळल्यावर पुठ्ठ्यावर पेट्रोलचा वास उरत नाही.

टाकीच्या झाकणापाशी वास असेल तर झाकण काढून त्याची रबरी रिंग बोटाने चाचपून पाहा. उन्हाने ती कडक होते, बारीक चिरा पडतात, कधी एका बाजूला चपटी होते. फडक्याने रिंग आणि तोंड पुसून झाकण पुन्हा लावा, कट-कट आवाज येईपर्यंत. ग्रीस वगैरे लावू नका. रिंग गेली असेल तर त्याच मॉडेलचं झाकण घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या "सगळ्या गाड्यांना बसणाऱ्या" झाकणात हवेचा व्हॉल्व्ह बरोबर असेलच असं नाही. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

मागच्या सीटवर, काचा बंद असताना वास येत असेल तर संशय टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या झाकणावर. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची गादी उचलली की पत्र्याचं किंवा रबराचं गोल झाकण दिसतं, त्याखाली पंपाचं मोड्यूल असतं. तिथली धूळ ओलसर, काळपट झाली असेल तर सील गेलं. पंप आधी एकदा उघडलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण जुनीच ओ-रिंग परत बसवलेली असते. हे घरी उघडू नका.

बोनेट उघडल्यावर वास असेल तर नळ्या पाहा, आणि उंदीर विसरू नका. धान्याच्या दुकानांजवळ किंवा नाल्याकाठी गाडी लावणाऱ्यांकडे हे फार होतं. उंदराने कुरतडलेली नळी ओळखता येते: शेजारी शेजारी दोन बारीक खाचा, आणि खाली बॅटरीच्या ट्रेवर रबराचा भुगा. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवताच पंप दोन-तीन सेकंद चालून नळीत साधारण ३ बार दाब भरतो. त्यामुळे बंद गाडीत कोरडी दिसणारी खाच किल्ली फिरवताच फवारा मारू शकते. नळीवर खाचा दिसल्या की किल्ली फिरवून बघायचा मोह टाळा. वर चिकटपट्टी गुंडाळणं हा इलाज नाही, नळी बदलायची. तीही इंजेक्शनच्या दाबाची, मोटरसायकलची साधी पारदर्शक नळी नव्हे.

फक्त टाकी फुल केल्यावर दोन दिवस वास येतो आणि मग जातो, असं असेल तर दोष बहुधा भरण्याच्या पद्धतीत आहे.

नोझल कट झाल्यावर "राउंड फिगर करा" नको

नोझल आपोआप कट होतं तेव्हा टाकीत वर थोडी जागा मुद्दाम रिकामी असते. ती वाफेसाठी आणि फुगणाऱ्या पेट्रोलसाठी. आपण म्हणतो, "दोन हजार करून टाक दादा." तो बिचारा नोझल वर उचलून थेंब थेंब सोडतो आणि तोंडाशी येईपर्यंत भरतो. आता वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं. कोळसा भिजतो. भिजलेला कोळसा वाफ धरू शकत नाही, आणि कालांतराने त्याची पूड होऊन पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकते.

मग लक्षणं अशी: पंपावरून निघताना गाडी लवकर चालू होत नाही, झाली तर आयडलिंगला गचके खाते, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी०४४१, पी०४४२ किंवा पी०४५५ असे कोड येतात. पहिला वाफेच्या चुकीच्या प्रवाहाचा, दुसरा बारीक गळतीचा, तिसरा मोठ्या गळतीचा. पी०४५५ दिसला की आधी झाकण नीट लावलंय का बघा, मग पैसे खर्च करा. सगळ्याच गाड्या हे कोड दाखवत नाहीत. जुन्या बीएस-४ गाडीत दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

पर्ज व्हॉल्व्हची साधी तपासणी मेकॅनिकला तुमच्यासमोर करायला सांगा. इंजिन बंद असताना तो व्हॉल्व्ह बंदच असला पाहिजे. नळी काढून फुंकल्यावर हवा आरपार गेली तर तो उघडा अडकलाय. नळी झटकल्यावर काळी पूड पडली तर कॅनिस्टरही बदलायचा. नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, नवाही तसाच अडकेल.

उलट तक्रारही येते: टाकी रिकामी, तरी नोझल अर्ध्या-अर्ध्या लिटरला कट होतं. पंपवाल्याशी भांडण्याआधी कॅनिस्टरची हवा यायची नळी बघा. मागच्या पावसाळ्यानंतर अशी एक गाडी आमच्याकडे आली होती. नळी काढून तोंडाशी तार घातली तर तपकिरी मातीचा बोटाच्या पेराएवढा गोळा निघाला, कुंभारमाशीचं घर, आत तिच्या अळ्या. हवा बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून पेट्रोल आत शिरत नव्हतं. घर काढलं, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. एकही पार्ट लागला नाही.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं

"गाडी पूर्ण सीएनजीवर चालवतो, तरी पेट्रोल संपतं. म्हणजे उडतंयच ना?" हा प्रश्न टॅक्सीवाले आणि नोकरीला रोज ये-जा करणारे दोघंही विचारतात. बहुतेक गाड्यांत इंजिन थंड असलं की ते पेट्रोलवर सुरू होतं आणि ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर सीएनजी लागतो. काही नवी मॉडेलं थेट सीएनजीवर सुरू होतात, पण रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या तशा नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ थंड गाडी सुरू करून भाजी बाजारापर्यंत जाऊन आलात तर बराचसा प्रवास पेट्रोलवरच झाला. सिलिंडरमधला दाब उतरला की गाडी गुपचूप पेट्रोलवर येते तेही धरा. महिन्याकाठी दोन-चार लिटर असे सहज जळतात.

यावर उपाय म्हणून टाकी कोरडी ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी बचत आहे. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. रिझर्व्हवर महिनोन्महिने फिरवलेल्या गाडीचा पंप जातो, आणि पंपाच्या पैशांत कित्येक टाक्या पेट्रोल आलं असतं. किमान पाव टाकी ठेवा. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. म्हणजे टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही आणि इंजेक्टरही चिकटत नाहीत.

ॲव्हरेज पडलंय, पण पेट्रोल उडालेलं नाही

गेल्या दीड-दोन वर्षांत बऱ्याच जणांनी ॲव्हरेज कमी झाल्याचा दोष उन्हाला दिला. इथे इथेनॉलचा हिशोब करायला हवा. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं. त्यातलं काही आपल्याच कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतं. ऊस लावणाऱ्याला त्याचा आधार आहे आणि मला त्याचं मोल आहे. पण गाडीवाल्याला आकडाही माहीत असावा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यावर लिटरमागे तीन-साडेतीन टक्के ऊर्जा घटली. नीती आयोगाने २०२१ मध्ये मांडलेल्या आराखड्यात, शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के फटका बसेल असं म्हटलं होतं. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्यांना १ ते २ टक्के. १८ चं ॲव्हरेज १७ वर आलं असेल तर कारण टाकीच्या झाकणात शोधू नका. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर मात्र एकदा तपासून घ्या, इथेनॉल त्यांना मानवतंच असं नाही.

कोकणातल्या मंडळींना एक जास्तीची सूचना. इथेनॉल पाणी ओढतं. गावच्या घरी पावसाळाभर उभी राहणारी गाडी जवळजवळ भरलेल्या टाकीने ठेवा. वर हवा कमी राहिली की वाफही कमी आणि आत शिरणारा ओलावाही कमी.

मापाचा संशय असेल तर पंपावर ५ लिटरचं माप मागा. ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे आणि तपासून पाहणं हा तुमचा हक्क. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते. त्यापुढे गेली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करा. "पहाटे भरलं की जास्त बसतं" यात मात्र फार दम नाही. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथलं तापमान दुपारी आणि पहाटे जवळपास सारखंच.

आणि तो व्हॉट्सॲपवरचा संदेश, "उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो, रोज एकदा झाकण उघडा". इंडियन ऑइलच्या नावाने तो दरवर्षी फिरतो. कंपनीने स्वतः जाहीर केलंय की तो आमचा नाही, गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत उन्हाळ्यातही टाकी भरायला हरकत नाही. रोज झाकण उघडलं तर उलट कॅनिस्टरने धरायची वाफ थेट हवेत जाते. कृपया पुढे पाठवू नका.

पेट्रोल खरं कुठे वाचतं

सावलीत लावा, जमेल तिथे. टाकी तापत नाही आणि एसीला सुरुवातीला कमी झगडावं लागतं. टायरची हवा थंड टायरमध्ये, महिन्यातून दोनदा. दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो.

सर्वात जास्त मी भांडतो ते घाटात न्यूट्रल करणाऱ्यांशी. कसारा, खंडाळा, आंबोली, उतार लागला की गिअर काढून गाडी सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं म्हणे. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की कंप्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. घरच्या माणसांना घेऊन जाताना एवढं तरी पाळा.

उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. एसी लावून शाळेबाहेर पंधरा मिनिटं थांबलात तर उन्हाने आठवडाभरात उडवलं नसतं एवढं तिथे गेलं. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वर आणि १२० वर एकाच गाडीचं ॲव्हरेज लिहून पाहा.

गॅरेजमध्ये येताना

"पेट्रोल उडतंय" एवढंच सांगू नका. वास कुठे येतो, फुल केल्यावरच येतो की रोज, झाकण उघडताना फुस्स होतं का आणि हवा आत जाते की बाहेर येते, पंपावर नोझल सारखं कट होतं का, पुठ्ठ्यावर डाग होता का आणि कोणत्या चाकाजवळ, हे लिहून आणा. पहिल्या कटपासून पहिल्या कटपर्यंतचं ॲव्हरेज निदान दोन टाक्यांचं आणा. एवढ्यावरही कारण सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून मागा. टाकीच्या नळ्यांत धूर सोडला की जिथे भेग असेल तिथून तो बाहेर येताना दिसतो. मशीन सगळ्यांकडे नसतं, आधी फोन करून विचारा.